गंजलेला तिसरा गिअर आणि सासूबाईंचा खलबत्ता

...अहो, बाळाच्या सातव्या दिवसाच्या सोहळ्याला तीस बायका घरात, मेणबत्त्या लागलेल्या, पोर रीतीप्रमाणे चाळणीत निजवलेली, आणि खलबत्त्याचा पत्ता नाही! खलबत्त्याशिवाय सातवा दिवस होतो का कुठं? आजीनं बाळाच्या कानाशी खल वाजवायचा, बाळानं दचकून भोकाड पसरायचं, बायांनी हसायचं, तेव्हा कुठं ते बाळ जगाच्या गोंगाटाला सरावलं. आणि आमचा खलबत्ता, सासूबाईंच्या लग्नातला, भरीव पितळेचा, होता कुठं? मागच्या अंगणात! खल जुन्या गाडीच्या गिअरच्या शाफ्टखाली टेकू म्हणून, आणि बत्ता माझ्या नवऱ्याच्या, राफतच्या मुठीत!

तुम्हाला सांगते, ती गाडी सासऱ्यांची, आमच्या इथल्या बुरुल्लुस तळ्यावरची मासळी वाहायची. सासरे गेले आणि ती बारा वर्षं काठावर खारा वारा खात उभी. मला तिसरा महिना लागला आणि राफतनं ती गाढवं जुंपून घरी ओढत आणली. गिअरबॉक्स खोलला तर आत तेलाचा थेंब नाही, नुसतं तांबडं पाणी, आणि गिअर गंजून असे चिकटलेले, जशा भांडणात नणंदा-भावजयांनी एकमेकींच्या झिंज्या धराव्यात! डिझेलमध्ये बुडवले, स्टोव्हवर तापवले, एकेक करून निघाले, पण तिसरा काही हलेना. लोखंडी हातोडा मारावा तर दात तुटायचे, पितळ मऊ, दातांना जपतं, म्हणून सासूबाईंचा बत्ता. सकाळी चहा घेतला की म्हणायचा, "सुटेल आज." आणि ठण, ठण, ठण. सहावा महिना, "सुटेल आज." आठवा महिना, "सुटेल आज." मला कळा लागल्या तेव्हासुद्धा हात पुसत दारातून म्हणाला, "सुटेल आज," आणि सुईणीला वाटलं, माझ्याबद्दलच बोलतोय.

पण माझा जीव टांगला होता तो वेगळ्याच गोष्टीला. पोर दचकायची नाही. अंगणात दिवसभर घण पडावेत तशी ठणठण आणि ही आपली गाढ झोपलेली. मी मुद्दाम परात पाडली. दार आपटलं. पापणीसुद्धा हलली नाही हो! संध्याकाळी तेवढी रडायची, ती पोटदुखीनं असं आम्ही धरून चाललो होतो. येणारी-जाणारी म्हणायची, किती शहाणं बाळ, आणि मी मनात म्हणायचे... हिला ऐकू येत नसेल तर? बोलले कुणाला नाही. बोललं की खरं होईल असं वाटायचं. आणि आज तीस बायकांसमोर कानाशी खल वाजणार. खरं सांगू? खलबत्ता सापडला नाही तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

पण माझ्या सासूबाई तफीदा, त्या ऐकतात होय! बाह्या सरसावून अंगणात गेल्या, म्हणाल्या, बत्ता दे. हा म्हणतो, आई, आत्ताच तापवलाय, आता हात थांबवला तर सगळं फुकट, सुटेल आज. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मग तूच वाजव. पोरीला इथंच आणते."

झालं! चाळणी अंगणात, मेणबत्त्या अंगणात, तीस बायका डिझेलच्या वासात नाकाला ओढणी लावून. राफत ठोकतोय, सासूबाई वाकून नातीला सांगतायत, "नवारा, आईचं ऐक. बापाचं ऐकू नकोस, त्याचं कुणीच ऐकत नाही." ठण, ठण, ठण... आणि पोर? ढिम्म. एक बाई दुसरीकडे बघायला लागली. दुसरी माझ्याकडे. मी खाली बघितलं, आणि मला पुढचं काही दिसेना...

आणि टण्णकन तिसरा गिअर सुटला! घरंगळत थेट माझ्या पायाशी! राफतचा हात वरच्या वर, अंगण एकदम चिडीचूप.

त्या चिडीचूप अंगणात पोर दचकली! हात फेकले, ओठ काढले, आणि असा टाहो फोडला की छपरावरची कबुतरं उडाली. मी घेतलं, पदराखाली धरलं, राहीना. सासूबाईंनी टेकूतला खल ओढला, बत्ता हिसकावला, तीनदा ठोकला. पोर गप्प. थांबल्या, पोर सुरू. पुन्हा ठोकला, गप्प! अहो, पोटात असताना सहा महिने तिनं तेच तर ऐकलं होतं. ठोकणं तिची अंगाई होती, दचकली ती शांततेला! म्हणजे संध्याकाळी रडायची ती पोटदुखीनं नव्हेच, बाप काम थांबवायचा म्हणून! मी तिथंच डिझेलमध्ये बसकण मारली आणि अशी रडले, अशी हसले... सासूबाई काही न विचारता माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

गिअर घासले, बसवले, गाडी तळ्यावर जायला लागली, राफत खूश. अंगण स्वच्छ, शांत. आणि त्या शांततेत पोरगी डोळ्याला डोळा लावत नाही. चार दिवस मी खल कुटला, माझा खांदा गेला. शेवटी परवा मीच त्याला चहा देताना म्हटलं, बंदरामागं कुणाचा तरी जुना ट्रॅक्टर गंजत पडलाय म्हणे... त्याचा गिअरबॉक्स मिळतोय का बघ ना. आणि हे बघ, चांगला चिकटलेलाच आण.