पुस्तकातल्या आजोबांची बोट

आता तुम्हीच सांगा, पोरांच्या पुस्तकात कोणी माणूस मारतं का? ससा असावा, हत्ती असावा, शेवटी सगळ्यांनी मिळून लाडू खावेत, संपलं! तर इथं आठव्या पानावर बाळूचे आजोबाच गेले! देवाघरी नाही, ढगात नाही... सरळ छापलंय, 'आजोबा मेले.' अहो, पोरांचं पुस्तक ना ते!

तुम्हाला सांगतो, आमची उन्नती सात वर्षांची, शाळेतून घेऊन आली आणि म्हणते, 'पप्पा, वाच ना.' आणि शिमग्याच्या आधीच आमची आई गेलेली! देवकी नाव तिचं. डहाणूच्या बाजारात सुके बोंबील घेऊन बसली की भाव करायची कोणाची छाती नव्हती. तिची आठवण आली की माझा आवाजच फुटत नाही, वाचू कसं? दिलं ठोकून, 'आणि आजोबा बोटीवर गेले!'

बायको, भाविनी, आतून ओरडली, 'अहो, बोटीवरचा माणूस परत येतो बरं का!' म्हटलं, तू गप बस.

मे संपला, मासेमारी बंद झाली, सगळ्या बोटी किनाऱ्याला लागल्या आणि कार्टी विचारते, 'पुस्तकातले आजोबा कुठायत?' बोललो, 'त्यांची बोट मागे राहिली असेल...' झालं! दर्यावर जाणाऱ्यांच्या पोरीला असं सांगावं का? सुटली ती धावत, थेट मासळी सुकवतात तिथं! 'एक बोट आलीच नाही!' बायकांनी हातातले बोंबील टाकले, बोटींचे जुने कप्तान, म्हातारे नारूकाका तांडेल लुंगी खोचत, 'कोणाची रे? माणसं किती? वायरलेस लावा!' आणि अख्खी वरात आमच्या दारात! उन्नती छाती फुगवून सांगते, 'पुस्तकातल्या आजोबांची!'

नारूकाकांनी कपाळाला हात लावला. पुस्तक चाळलं, माझ्याकडे बघितलं. 'मितेश, मेलेल्या माणसाला दर्यात कशाला धाडतोस? पोर वाट बघत बसते ना!'

मग उन्नतीनेच पुस्तक घेतलं, सगळ्यांसमोर, अक्षर लावून लावून, 'आ-जो-बा मे-ले. बाळू खूप रडला.' वर बघून म्हणते, 'आपली आजी पण मेली ना? तू रडलाच नाहीस पप्पा. मला वाटलं, आपल्याकडे रडायचं नसतं.'

आता काय सांगू तुम्हाला! मी जे भोकाड पसरलं... मी रडतो म्हणून बायका रडल्या, बायका रडल्या म्हणून नारूकाका, सगळ्यांचीच होती ना आमची आई! आणि ही एवढीशी पोर माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणते, 'रड पप्पा, रड. पुढच्या पानावर सगळे जेवतात.'

तेव्हापासून रोज हेच चाललंय. ती वाचते, मी रडतो आणि भाविनी आतून विचारते, 'झालं का रडून? भात वाढू?'

पुस्तकावर छापलंय हो ठळक, वय सहा ते नऊ! चूक माझीच. पोरांचं पुस्तक ते... मोठ्यांना कुठलं झेपायला!