एल्मेलुंडच्या तक्रारी

आस्गर : म्हणजे इतका वेळ मी भिंतीशी बोलत होतो का, गेर्डामावशी?

गेर्डा : ऐकलं की! कान शाबूत आहेत माझे. पोलिसांकडे तक्रारी कमी करा म्हणालास. केक घे.

आस्गर : केक नको. आणि ‘कमी करा’ असं मी म्हटलेलं नाही. नगरपालिकेच्या माणसाला तसं म्हणता येत नाही. डिसेंबरपर्यंत जरा दम धरा, एवढंच म्हटलं.

गेर्डा : याच जिन्यात गुडघे फोडून मोठा झालास आणि आता शब्द चाळून चाळून वापरतोस! सरळ बोल.

आस्गर : बरं, सरळ ऐक. दोन वर्षांपूर्वी या एल्मेलुंड वस्तीतून सत्तर तक्रारी आल्या होत्या. गेल्या वर्षी एकशे नव्वद. डिसेंबरात असुरक्षित वस्त्यांची यादी लागते, ती याच आकड्यावर. त्यात नाव आलं की दोन इमारती पाडायच्या. कुठल्या, तेही ठरलंय.

गेर्डा : कुठल्या?

आस्गर : सहा नंबर. आणि ही.

गेर्डा : ही? अरे, एक्केचाळीस वर्षं राहतेय मी इथे.

आस्गर : म्हणून तर सुट्टीच्या दिवशी आलोय, ऑफिसात कुणालाही न सांगता.

गेर्डा : पण गुन्हे वाढलेत कुठे? आम्ही सांगायला लागलो, एवढंच.

आस्गर : आकड्याला ते कळत नाही गं. आणि सांगता तरी काय काय! मी वाचल्यात तुमच्या तक्रारी. ‘रस्त्याकडेच्या विक्रीच्या मांडणीवरून जॅमची बरणी नेली, डब्यात पैसे टाकले नाहीत.’ हा काय गुन्हा झाला?

गेर्डा : दोन बरण्या होत्या! माझ्या हातचा, रूबार्बच्या आंबट देठांचा जॅम.

आस्गर : त्या जॅमपायी घर जाईल तुझं.

(दारावर दोनदा टकटक. उत्तराची वाट न बघता दुसऱ्या मजल्यावरची हलीमा आत येते. अंगावर बसचालकाचा गणवेश.)

हलीमा : गेर्डा, त्या चोरीला गेलेल्या सायकलचा फ्रेमवरचा नंबर मिळाला. पाठवून देऊ ना तक्रार? अरे, पाहुणे आहेत वाटतं.

गेर्डा : पाहुणा कसला, आमच्या जुन्या शेजारणीचा, रूथचा मुलगा आस्गर. नगरपालिकेत असतो. पाठवू नका म्हणतोय.

हलीमा : का म्हणून?

आस्गर : तुमची इमारत वाचावी म्हणून.

हलीमा : हे बघा, मी बस चालवते. ब्रेकचा दिवा लागला की कळवायचं, हा नियम. त्या दिव्यावर चिकटपट्टी लावणारे चालकही आहेत. त्यांची बस कागदावर एकदम ठणठणीत असते.

आस्गर : मला तुमचं म्हणणं पटतंय, पण...

हलीमा : पण काय? मी इथे आले तेव्हा एका वर्षात तीन सायकली गेल्या माझ्या. तक्रार कुठे करू विचारलं तर जिन्यातले लोक हसले. ही एकटी नाही हसली. तळघरात कपडे धुवायच्या खोलीत आम्ही दोघींनी एक टेबल टाकलं. दर गुरुवारी. मशीन फिरेपर्यंत माणसं बसलेलीच असतात, मग विचारायचं, काय झालं, सांगा. पोलिसांना बिचकणारेसुद्धा बोलायला लागले.

गेर्डा : रस्त्यावर अकरा नवे दिवे लागले त्यातून. सायकली उचलणारे दोघं पकडले गेले.

हलीमा : या इकडे खिडकीशी. खाली काय दिसतंय?

आस्गर : बाळगाड्या.

हलीमा : सात. सातही बाळं गार हवेत झोपलीत आणि एकाचीही आई शेजारी नाही. आमची सफिया झाली तेव्हा शहरभर बाळं अशी बाहेर झोपायची, पण एल्मेलुंडमध्ये कुणाची छाती नव्हती. मोजायचंय तर हे मोजा.

आस्गर : झोपलेल्या बाळांचा रकाना नसतो आमच्याकडे.

हलीमा : मग आखा की! पट्टी नाही का तुमच्या ऑफिसात?

आस्गर : हसू नकोस गं मावशी. खरंच जीव तुटतो माझा. मी लहान असताना या वस्तीचं काय नाव होतं! अख्ख्या शहरात सगळ्यात कमी तक्रारी आपल्या. महापौर स्वतः केक घेऊन आले होते, आठवतंय?

गेर्डा : आठवतंय ना. त्याच आठवड्यात रूथचं मनगट मोडलं.

आस्गर : हो, बर्फावर घसरली होती आई.

गेर्डा : मे महिना होता, आस्गर. झाडांना पालवी फुटली होती.

आस्गर : काय?

गेर्डा : पर्स खेचली तिची, खाली सायकलींच्या खोलीत. तिनं सोडली नाही, तर फरफटत नेलं. कोण होता ते तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

आस्गर : नऊ वर्षांचा होतो मी. ती म्हणाली बर्फ, मी धरलं बर्फ. पण मग तेव्हा पोलिसांना का नाही...

गेर्डा : माझ्यामुळे. मी तिच्या हाताला पट्टी बांधली आणि म्हटलं, जाऊ दे रूथ, महापौर यायचेत, कशाला आपल्या वस्तीचं नाव खराब करायचं? तिनं ऐकलं माझं. पुढच्या वर्षी तुम्ही इथून गेलात, तेव्हा निरोप घेताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिनं.

हलीमा : हे मला कधी बोलली नाहीस तू.

गेर्डा : लाज वाटते म्हणून. तो महापौरांचा केक मी दोनदा मागून घेतला होता, कळलं? फार अभिमान होता मला एल्मेलुंडचा. पण तो खोटा होता. आज तुमचा आकडा एकशे नव्वद आहे आणि आज मी खरी ताठ मानेनं जिना उतरते. पाडायची तर पाडा इमारत. रडेन मी, खूप रडेन. पण गप्प बस असं पुन्हा कुणालाही सांगणार नाही. तुलाही नाही.

हलीमा : पाडू कोण देतंय! यादी करणाऱ्यांना गुरुवारी पाठवा इथे. मळके कपडे घेऊन या म्हणावं.

आस्गर : आई अजून त्या हातानं किटली उचलत नाही.

गेर्डा : माहीत नव्हतं रे मला.

आस्गर : पाठवा तुम्ही ती सायकलची तक्रार. मी टिपण लिहितो, आकडा कशानं वाढला त्याचं. वरचे लोक वाचतील की नाही, सांगता येत नाही. माझ्यावरही भडकतील.

हलीमा : झोपलेली बाळं घाला त्यात.

आस्गर : घालतो. गुरुवारी किती वाजता बसता तुम्ही?

हलीमा : चारला.

आस्गर : आईला विचारून बघतो. आली तर घेऊन येईन.

गेर्डा : येईल ती?

आस्गर : काय माहीत. एकतीस वर्षं झाली. ती विचारेल, आता सांगून काय उपयोग? आणि खरंच, गुन्हा नोंदवायची मुदत कधीच संपली. कुठल्याच आकड्यात येणार नाही ती तक्रार.

गेर्डा : आमच्या आकड्यात येईल.