चौसष्टाव्या बारमधली फट

नाव: ओळखपत्रावर आहे ते ठाण्याच्या वहीत उतरवून घेतले आहे. हाक मारायचे नाव भिंगरी. वय: तेवीस. शिक्षण: बारावी, तीही अर्धी. धंदा: कार्यक्रमांचे स्पीकर चढवणे-उतरवणे, शिवाय गाणी बनवणे. राहणार: थोरल्या बहिणीच्या शिवणकामाच्या दुकानामागची खोली.

समोर बसवून विचारले म्हणून खरे ते लिहून देतो की, हा जबाब मी मंगळवारीच द्यायला हवा होता. मंगळवारी स्पीकर चढवायचे काम होते, असे मी फोनवर सांगितले. काम नव्हते. बुधवारी फाटकापर्यंत येऊन परत गेलो. लिहायचे म्हटले की माझ्या पायाला खाज सुटते. आज गुरुवार, सकाळचे अकरा. आधी हवालदार बाई लिहून घेत होत्या, पण माझे बोलणे एका जागी बसत नाही. दोन पाने फाडल्यावर त्या म्हणाल्या, "तूच लिही बाबा, मी वाचून बघते." म्हणून अक्षर माझे आहे.

सोमवारी दुपारी तीन वाजता रेकॉर्डच्या दुकानातून चाळीस रेकॉर्डचे खोके मी उचलले. हे कबूल आहे. चोरी केली हे कबूल नाही. खोक्यातले गाणे माझे आहे.

ते गाणे यूके गॅरेज या प्रकारातले आहे. बाईंनी विचारले, "गाड्यांचं?" गाड्यांचा संबंध नाही. हे नाचायचे संगीत आहे. ढोल सरळ चालत नाही, लंगडी घालतो, आणि खालून बास असा येतो की आधी पोटाला कळते, मग कानाला. माझ्या गाण्यातली वरची बारीक टिकटिक ताईच्या शिवणयंत्राची आहे. ती ब्लाउजला अस्तर लावत असताना मी मशीनखाली मोबाइल ठेवून रेकॉर्ड केली. जाड कापडावर मशीन जरा अडखळते, तेच मला हवे होते. ताई म्हणायची, "चौदा महिने झाले, एकच गाणं शिवतोयस. एवढ्यात माझ्या दोन नवऱ्या मुली नटून सासरी गेल्या." (बाई म्हणतात, मुद्द्यावर ये. आलो.)

आमच्यात रीत अशी आहे. नवे गाणे बाजारात आणण्याआधी एखाद्या चांगल्या डीजेला देतात. तो ते चार-सहा महिने वाजवतो, लोकांचे पाय काय म्हणतात ते बघतो. कागद होत नाही, सही होत नाही. सही मागितली तर माणूस हलका समजतात. मी गाणे वस्तादांना दिले. वस्ताद म्हणजे शहरातला सगळ्यात जुना क्लब डीजे. मला स्पीकर उचलायचे काम त्यांनीच लावून दिले होते. तेव्हा ते म्हणाले, "पोरा, राहू दे माझ्याकडे. नाव तुझंच लागेल." मी पाया पडलो होतो. हे बाईंनी विचारले नव्हते, पण असू दे.

माझी एक सवय आहे. गाणे कोणालाही दिले की त्याच्या प्रतीतून एका बारचा बास मी काढून टाकतो. चार ठोक्यांचा एक बार. दर माणसाला वेगळा बार. म्हणजे गाणे कोणाच्या हातून फुटले ते कळते. ही युक्ती मी एका म्हाताऱ्या साउंडवाल्याकडून शिकलो, ज्याला दात तीनच होते आणि तरी शिट्टी... (आलो, आलो.) हे गाणे मी फक्त वस्तादांना दिले होते, आणि त्यांच्या प्रतीत चौसष्टावा बार रिकामा होता.

आता इथे माझी चूक सांगतो, कारण समोरचे ती सांगणारच आहेत. चौसष्टाव्या बारनंतर माझे गाणे पुन्हा जोरात सुटते. अशा जागी बहुतेक डीजे आधीच्या एका बारपुरता बास हाताने बंद करतात, लोकांना ताटकळत ठेवतात, मग सोडतात. वस्ताद तर हमखास. एका रविवारी दुपारच्या कार्यक्रमात मी गर्दीत उभा होतो. त्यांनी बटण फिरवले, बास गेला, लोक ओरडले, बास आला, लोक उडाले. वस्ताद स्वतःच्या बोटांकडे बघून हसले. त्यांना वाटले बोटांनी केले. बटणामागे बास नव्हताच. महिनोन्महिने त्यांनी रिकाम्या भांड्यावर झाकण ठेवले आणि त्यांना पत्ता नाही.

सोमवारी मी दुकानात नुसता ऐकायला गेलो होतो. दुकानदार काका दर आठवड्याला नव्या रेकॉर्डची यादी गल्ल्यामागे चिकटवतात, डीजे लोक ती वाचूनच घेतात. यादीत पहिलेच नाव वस्तादांचे. गाण्याचे नाव 'लाट'. खाली काकांच्या हातचे: "शुक्रवारपासून विक्री. बास पोटात घर करतो. चौसष्टाव्या बारला वस्ताद श्वास रोखायला लावतात."

मी म्हणालो, "काका, लावा बघू."

काकांनी सुई टेकवली. ताईची मशीन सुरू झाली. मी बार मोजत गेलो. त्रेसष्ट. मग फट.

काका डोळे मिटून म्हणाले, "बघ! ह्याला म्हणतात अनुभव. तुम्हा पोरांना सुचेल का?"

मी खोके उचलले आणि म्हणालो, "हे माझं आहे. शुक्रवारी विकायचं नाही."

"भिंगरी, ठेव ते. जड आहे, आपटशील."

मी पळालो नाही. तक्रारीत "पळून गेला" लिहिले आहे ते खोटे आहे. बस आली नाही म्हणून मी दुकानासमोरच वीस मिनिटे खोके घेऊन उभा होतो. काका काचेतून बघत होते. मग बाहेर येऊन म्हणाले, "पोलिसांना फोन केलाय, सांगून ठेवतो."

"करा की."

"केलाय म्हणतोय ना!"

मग बस आली. खोके चढवायला काकांनीच एका बाजूने हात दिला, सवयीने. नंतर स्वतःवरच चिडले.

घरी ताईने विचारले, "कुणाचा माल?"

"माझाच."

"मग बिल कुठंय?"

बिल नव्हते. तिने खोके कापड बेतायच्या टेबलाखाली सरकवले आणि वर चादर सोडली. यात तिचा गुन्हा नाही, घर तिचे आहे, ती काहीही झाकू शकते.

आणखी एक, जे कोणी विचारलेले नाही. त्या चाळीसही रेकॉर्डवर मी पक्क्या शाईच्या पेनाने 'लाट' खोडून 'उसवण' लिहिले आहे. गाण्याचे खरे नाव तेच आहे. ही मालाची नासधूस होते असे आज कळले. होऊ दे.

पुरावा काय, असे साहेबांनी विचारले. माझा संगणक तीन महिन्यांपूर्वी जळाला, बास असलेली पूर्ण प्रत आणि मशीनचा मूळ आवाज, दोन्ही त्यातच गेले. साहेब म्हणाले, "फट त्यांनी मुद्दाम ठेवली असेल. तूच लिहिलंस, सगळे डीजे तिथेच बास काढतात." बरोबर आहे.  वस्ताद सोमवारपासून माझा फोन उचलत नाहीत, एवढे आहे.

साहेब असेही म्हणाले की खोके आज परत दे, काका तक्रार मागे घेतील, तुझे वय आहे, पुढे कामे मिळायची आहेत. खोके देणार नाही. उद्या शुक्रवार आहे. उद्या ती रेकॉर्ड वस्तादांच्या नावाने शहरभर वाजली की पुढे कोणाला सांगू, ते शिवणयंत्र कोणाचे आहे? कोठडीत टाकायचे तर टाका, पण गाणे कोणाचे हा रकाना आधी भरा. "झाल्या प्रकाराचा मला पश्चात्ताप आहे" ही ओळ शेवटी घाल असे सुचवण्यात आले. घातली नाही.

हवालदार बाईंनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. साउंडवाल्याच्या दातांचे वाक्य त्यांनी गाळा म्हटले, मी राहू द्या म्हटले, राहिले. बाकी मी लिहिले तसेच आहे आणि खरे आहे.

सही करायच्या आत दारावरचे शिपाई आले आणि म्हणाले, एक बाई आल्या आहेत, रेकॉर्ड छापायच्या कारखान्यातून. त्यांना इथून कोणी बोलावलेले नाही. काकांनी आज सकाळी नव्या चाळीस प्रती मागवायला तिकडे फोन केला आणि मी काय बडबडतो तेही हसत हसत सांगितले, तशा त्या निघाल्या. दारातूनच त्यांचा आवाज येतो आहे: "जिच्यावरून बाकीच्या छापतात ती पहिली तबकडी मीच कापली. कापण्याआधी वस्तादांना फोन करून विचारलं होतं, चौसष्टाव्या बारात बास नाहीये, ठेवू का असंच? ते म्हणाले, कसला बास, काय नाहीये? मी तर कुठेच काढला नाही. माझ्या कामाच्या वहीत तारखेसकट लिहिलंय. तो पोरगा कुठे आहे?"