ब्रिनची मऊ स्प्रिंग

मुलांनो, कल्पना करा, कॅनडातल्या व्हिस्लरला सायकली डोंगरावर नेणाऱ्या पाळण्याच्या रांगेत तुम्ही उभे आहात. पुढे नऊ वर्षांची ब्रिन आणि तिचे आजोबा आहेत.

“बस सायकलवर. अगं, पुढच्या चाकाचा फोर्क केवढा दबतोय!”

“त्यात मऊ स्प्रिंग तुम्हीच बसवलीत, आजोबा.”

“घरी बरोबर होती की! थांब, जुनी कडक घालतो.”

“नको ना! तिने हात बधिर झाले होते. मागच्या वेळी अर्धा डोंगर चालत उतरले मी.”

“मग वजन वाढलं कुठून?”

“घरी सायकलवर बसले तेव्हा पाठीवर सॅक नव्हती.”

“काय भरलंयस त्यात?”

“आजीने भाजलेले लोण्याचे गोड टार्ट. चोवीस.”

“चोवीस! दे माझ्याकडे.”

“तुमच्या सॅकमध्येही चोवीस आहेत.”

“तुझ्या आजीबाईसाहेबांना आता काय म्हणावं!”

ओझं कमी करायला ब्रिनने सॅकमधला डबा उघडला, ती मागे वळली आणि तिने पहिला टार्ट तुमच्या हातावर ठेवला.