डोक्यात हवा

मी दवाखान्यात नंबराची वाट बघत बसले होते. मागच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या.

"ताई, शिवणखात्याची खिडकी खरंच तू उघडलीस?"

"मग काय! एसी लावला तेव्हा स्क्रू मारून बंद केली होती. कात्रीच्या टोकानं काढले."

"आणि साहेब?"

"म्हणे, दुपारी पेंगता, डोकं दुखतं म्हणता, सगळी कामचुकारपणाची नाटकं! मी म्हटलं, साहेब, एवढ्या बायकांनी सोडलेला श्वासच आम्ही दिवसभर परत घेतोय. तुमचा एसी तीच हवा गार करून फिरवतो, ताजी आणत नाही. त्यात वर तुमचा तो गुलाबाच्या वासाचा फवारा!"

"अगं, नोकरी जाईल ना!"

"जाऊ दे. खिडकी उघडल्यापासून एकीनंही डोकेदुखीची गोळी घेतली नाही. तर म्हणतात कसे, 'बाई, तुमच्या डोक्यात हवा गेलीय!'"

"बरोबरच बोलले. आता उठलीस कुठे? इथं तरी गप बस. ताई, अगं!"

खिडकीची कडी खाडकन वाजली.

"ओ बाई, एसी चालू आहे!" कंपाउंडर ओरडला. "खिडकी कोणी उघडली?"

"मी! जाऊ दे जरा सगळ्यांच्याच डोक्यात हवा."