काशिरामची मशीन अडकते त्याची गोष्ट

…आणि वर त्या कॉम्प्युटरच्या दुकानवाल्या प्रणितलाच शिव्या! तुम्हाला सांगतो, करंजाड्यातल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडते, पाणी जातं, कोणी हूं की चूं करत नाही. पण शेजारच्या काशिरामचा कॉम्प्युटर अडकला की अख्ख्या मजल्याला सुतक. आणि म्हणणार काय, तर "मशीन हाय, अडकनारच."

त्याचा मुलगा कल्पेश लग्नानंतर वेगळा झाला, गेला कामोठ्याला. कामोठ्याला हो, अमेरिकेला नव्हे! रिक्षात बसून शेंगदाण्यांची पुडी फोडलीत तर संपायच्या आत उतरावं लागेल. पण नाही, साहेब भेटणार रविवारी, व्हिडिओ कॉलवर. काशिरामच्या बायकोला, गुणाबाईंना, मोबाइलवर नातीचं तोंड दिसत नाही, म्हणून जाताना आपला जुना कॉम्प्युटर आईबापाच्या गळ्यात मारून गेला. केवढी ती माया!

आता गंमत बघा… नात भाविका गाणं म्हणते, मशीन चालू. सूनबाई नवे पडदे दाखवते, चालू. काशिराम विचारतो, घरी कवा येशील रं? अडकली! कल्पेशचं तोंड अर्धं उघडं, डोळे वटारलेले, आवाज गायब. थोडा वेळ तसाच, मग कॉल कट. दर रविवारी हेच! इतक्या वेळा बघूनही ह्या गृहस्थाच्या डोक्यात प्रकाश पडेल? छे! कपाळाला हात लावायचा, "मशीन हाय, अडकनारच."

मग उपचार. प्रणितनं पंखा साफ केला, रॅम काढून खोडरबरानं घासली, विंडोज नव्यानं टाकली. गुणाबाईंनी तर मॉनिटरवरून मीठमिरच्या ओवाळल्या, आता बोला! प्रणित हात जोडून सांगतो, काका, दिवसभर चालवून बघितलं, मशीन ठणठणीत आहे. ऐकतो कोण? काशिरामनं त्यालाच भामटा ठरवला, आणि तेही भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर.

गेल्या रविवारी मी नेमका तिथंच. गुणाबाई आत चहा टाकत होत्या. काशिरामनं विचारलं, गणपतीला तरी येशील का? झालं, कल्पेशचा दगड. इतक्यात त्याच्या मागून भाविका आली. बिस्कीट खातेय, चुरा सांडतेय, ते नवे पडदे वाऱ्यानं उडतायत, आणि कार्टी बापाकडे बघून विचारते, "पप्पा, आज मी पण स्टॅच्यू करू?"

पप्पा हलला नाही हो! मानलं पाहिजे पठ्ठ्याला. एक पापणी तेवढी फडफडली, मग कॉल कट.

मला हसू आवरेना, आणि त्याच वेळी त्या कल्पेशच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. काशिराम काळ्या स्क्रीनकडे बघत बसला. आतून गुणाबाईंनी विचारलं, येतो म्हनला का? ह्यानं बसल्या जागेवरूनच ओरडून सांगितलं, "सांगतच व्हता गो. मशीन हाय, अडकनारच."

दुसऱ्या दिवशी सीपीयू काखोटीला मारून निघाला, मला घेतला बरोबर. मला वाटलं, प्रणितची माफी मागणार. कसली माफी! प्रणित आधीच वैतागलेला, बघताक्षणी म्हणाला, काका, ह्यात काही बिघाड नाही, किती वेळा सांगू?

काशिराम खाली मान घालून म्हणाला, "ठावं हाय रं पोरा. बिघाडच घालून दे. कल्पेशची आय बाजूलाच बसते… तिला खरीच अडकलेली दिसली पायजे."