तुपाचा डबा आणि दारफाळणीचा सण

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या मुलींच्या वसतिगृहाचे चेअरमन धैर्यशीलराव, व्यासपीठावरचे पावणे, सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणाऱ्या रेक्टर मिल्काबाई थळकर, आणि समोर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या लेकींनो,

चेअरमनसाहेब, मघाशी आपण शेजाऱ्यांना हळूच विचारलंत, "या बाई कोण?" मी अंबूबाई, उचगावची. एकवीस वर्षं इथल्या स्वयंपाकघरात आहे. दर मीटिंगला माझ्या हातचा रस्सा तीन-तीन वाट्या ओरपता. वाटी लक्षात राहते, वाढणारी राहत नाही. असो. मला अक्षर येत नाही. मी बोलले ते नात निशिगंधानं आत्ताच, भाषणं चालू असताना मागं बसून लिहिलंय. ती वाचतीय आणि मी शेजारी उभी आहे. एक ओळ गाळलीस तरी मला कळतं, निशे.

मघापासून मिल्काबाईंचं कौतुक चाललंय. शिस्तीच्या काय, मायेच्या काय. अहो, इतकं गोड बोललात की मुंग्या लागतील त्यांना! खरं सांगू? या बाईनं मला फार वैताग दिलाय.

मिल्काबाई ज्यू. कोकणातल्या बेने इस्रायल घरातल्या. दसऱ्याच्या आगंमागं त्यांचा दारफाळणीचा सण येतो. दार लावून घ्यायचं, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, देवापुढं वर्षाच्या चुका कबूल करायच्या. इथवर माझी काही तक्रार नाही. पण सणाच्या आधी बाई चुलीपाशी येऊन हात जोडणार. "अंबूबाई, वर्षभरात माझ्याकडून तुम्हाला काही लागलं असेल तर माफ करा." तव्यावर भाकरी, आणि हिला माफी हवी!

मी म्हणायची, "देवाकडं मागा की! माझी भाकरी करपतीया."

तर म्हणायच्या, "देवाशी चुकलं ते देव बघेल. माणसाशी चुकलं तर आधी त्या माणसाकडं जायचं. नुकसान केलं असेल तर भरून द्यायचं. ते न करता केलेला उपास म्हणजे नुसतं उपाशी राहणं."

सहा वर्षांपूर्वी कोठीतला तुपाचा डबा नाहीसा झाला. आळ आला खोल्या झाडणाऱ्या तानाबाईवर. का? गरीब होती म्हणून, दुसरं काय? मिल्काबाईंनी तिला त्याच दिवशी काढलं. ती चंदगडकडं आपल्या गावी गेली. पंधरा दिवसांनी डबा माळ्यावर सापडला.

मग सण आला आणि बाई आल्या चुलीपाशी. मी विचारलं, "तानाबाईचं काय?"

"मी तिची फोनवर माफी मागितली. तिनं केलं माफ."

"करंल न्हाय तर काय करंल? तिला तेवढंच परवडतंय की!"

 दुसऱ्या दिवशी बाई पहाटेची एसटी धरून चंदगडला गेल्या आणि संध्याकाळी तानाबाईला घेऊन आल्या. उपासाआधी दिवस बुडायच्या आत जेवायचं असतं. तेही राहिलं. तशाच उपाशी खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

चेअरमनसाहेब, तेव्हा आपण म्हणालात, "जागा भरलीय. सध्या बदलीवर, कुणी रजेवर असेल तिच्या जागी राहू दे, पुढच्या मीटिंगला कायम करू." ती पुढची मीटिंग अजून यायचीच आहे. आणि परवा सोमवारी नोटीस लागली: एक तारखेपासून बदलीच्या बायका बंद. आज मिल्काबाईंना शाल देऊन ठाण्याला लेकीकडं पाठवताय, आणि तानाबाईला नोटीस देऊन पुन्हा चंदगडला. आम्ही टाळ्या कोणासाठी वाजवायच्या?

आता पुढचं वाचताना निशिगंधा अडखळेल. लिहितानाही पेन खाली ठेवलं होतं तिनं. वाच गं.

तो डबा माळ्यावर मीच ठेवला होता. पोरी येता-जाता तूप नेतात म्हणून ठेवला, आणि विसरले. सापडला तेव्हा आठवलं. काम जाईल म्हणून तोंड उघडलं नाही. मिल्काबाई, दर वर्षी तुम्ही माझ्यापुढं हात जोडायचात आणि मला चुलीपुढं घाम फुटायचा. मी वैतागायची ती त्यामुळं.

तानाबाई, दाराशी उभी आहेस ना? पुढं ये. चूक माझी, भोगलीस तू. लगेच माफ करून मोकळी होऊ नकोस. तुला ती सवयच लागलीय. आधी भरपाई होऊ दे. चेअरमनसाहेब, कुणाला कमी करायचंच असेल तर मला करा. माझी जागा कायम आहे, ती हिला द्या. नाही तर हिला कायम केल्याचा कागद काढा. दोन्हींतलं काय करता ते याच हॉलमध्ये सांगा, मीटिंगवर ढकलू नका.

बोलायला दिलंत, आभारी आहे. सत्काराच्या दिवशी मिठाचा खडा टाकला, तेवढ्याची माफी मागते. बाकीच्याची नाही मागत.

आणि कागद निघाला की आपण रिवाजानं पेढे पाठवाल. पेढे नकोत, तानाबाईला शुगर आहे. जोंधळ्याच्या दोन भाकरी, वांग्याचं भरीत आणि वाटीभर दही पाठवा. शिपायाच्या हाती नको, आपण स्वतः घेऊन जा. भाकरी गरम असतानाच.